कायद्याच्या दृष्टीनं ही गाडीच नाही!

रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी बाबांना झोपेतून उठवायच्या बेतात होते. आईनं हात धरून थांबवलं, "अगं, सकाळी सांग, पळून जातो का तुझा कायदा?" पळून नव्हता जात, पण माझ्या पोटात ती गोष्ट मावत नव्हती. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला नियम दुसरा, व्याख्यांचा. त्या व्याख्यांच्या लांबलचक रांगेत इंग्रजी 'यू' अक्षराखाली बसलेला एक परिच्छेद. मी तो चार वेळा वाचला. चारही वेळा त्याचा अर्थ एकच निघाला: बाबांना हवी होती तशी बॅटरीवरची सायकल काही अटींत बसली, तर कायदा तिला मोटार वाहन मानतच नाही. नोंदणी नाही, नंबर प्लेट नाही, लायसन नाही, विम्याची सक्ती नाही. पळवाट म्हणून नाही, कुणी डोळेझाक करतं म्हणूनही नाही. नियमात तसं छापलेलं आहे म्हणून!

आता हे आमच्या घरात एवढं मोठं का, ते सांगते. बाबांचं वय ७१. भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झाले. सेक्टरमधलं क्वार्टर सोडून आम्ही वैशाली नगरात घर बांधलं, जसं प्लांटच्या कितीतरी लोकांनी बांधलं. नोकरीची सगळी वर्षं हा माणूस सायकलनं ड्यूटीला गेला. पहाटेच्या ए शिफ्टला, दुपारच्या बी शिफ्टला, रात्री दहाच्या सी शिफ्टला. शिफ्ट सुटताना गेटमधून सायकलींचा जो लोंढा बाहेर पडायचा, तो ज्यांनी पाहिला त्यांना भिलाई काय होती ते वेगळं सांगायला नको. बरोबरीच्यांनी लूना घेतली, मग स्कूटर, मग मोटारसायकल. बाबांनी काहीच घेतलं नाही, त्यामुळे लायसनही कधी काढलं नाही. आणि गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. सुपेला बाजारापर्यंत जायचं तर ऑटो, सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात जायचं तर माझी वाट बघायची. ओसरीवर उभी असलेली सायकल रोज पुसायची आणि परत आत येऊन बसायचं. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून आम्ही दोघं बॅटरीची गाडी बघायला गेलो. ज्या दुकानात गेलो तिथं स्कूटरसारखी दिसणारी एक गाडी पुढे आली. दुकानदार म्हणाला, "लाइसेंस-वाइसेंस का झंझट ही नहीं, अंकल." बाबांचा चेहरा उजळला. पुढचं वाक्य आलं, "और स्पीड कम लगे तो बोलना, एक वायर है, निकाल देंगे, पैंतालीस-पचास आराम से." बाबा एकदम गप्प झाले. घरी येताना ऑटोत एवढंच म्हणाले, "काहून बाप्पा, पन्नासनं पळणाऱ्या गाडीला लायसन नाही लागत, असं कसं होईल?"

त्या एका प्रश्नानं मला कामाला लावलं. तोवर माझी समजूत इतरांसारखीच होती: बॅटरीची गाडी म्हणजे सूट. हिरवी प्लेट असलेलीही दिसते, प्लेटच नसलेलीही दिसते, आपल्याला काय करायचंय! वैशाली नगरच्या एका गल्लीत उभं राहून दहा मिनिटं बघितलं तरी दोन्ही प्रकार शेजारून जातात. त्यांच्यात काय फरक आहे हे मी एकालाही विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर उत्तरही मिळालं नसतं.

फरक अवघ्या दोन आकड्यांत आहे. पंचवीस आणि अडीचशे. गाडीचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा आणि मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत. बरोबर आणखी काही साध्या अटी: बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नको, ब्रेक नीट हवेत, पुढे एक पांढरा रिफ्लेक्टर, मागे एक लाल. पेडलवाल्या सायकलीसाठी तर काय सुंदर वाक्य लिहिलंय! मोटरनं मदत करायची, पण वेग वाढेल तशी मदत कमी कमी करत न्यायची आणि पंचविसाला पोचताच ती पूर्ण बंद करायची. आणि चालवणाऱ्यानं पाय थांबवले, तर त्याआधीच बंद. म्हणजे कायद्याच्या मनात मोटर ही पायांची मदतनीस आहे. पाय मालक, मोटर गडी. हे वाचून मला बाबांच्या गुडघ्यांसाठीच कुणीतरी बसून लिहिलंय असं वाटलं.

अडीचशे वॅटच का, हा पुढचा प्रश्न. साधारण माणूस रमतगमत सायकल मारतो तेव्हा त्याच्या पायांतून ७५ ते १०० वॅट निघतात. म्हणजे अडीचशेची मोटर मागे अडीच-तीन माणसं धक्का द्यायला ठेवल्यासारखी. चढाला पुरे, उन्हात पुरे, आणि तरीही ती सायकलच राहते. आणि नियमात नुसती 'शक्ती' म्हटलेलं नाही, 'तीस मिनिटांची शक्ती' म्हटलंय. मोटर अर्धा तास सलग किती जोर टिकवून धरू शकते, तो आकडा. क्षणभर उसळी मारून मोटर जास्त जोर दाखवू शकते, तो आकडा इथं कामाचा नाही. तीस मिनिटांची शक्ती कशी मोजायची याचं वेगळं मानक आहे, एआयएस-०४१. जाहिरातीत कुणी पाचशे वॅट 'पीक' लिहिलं म्हणून गाडी बाद होत नाही आणि कुणी कागदावर अडीचशे लिहिलं म्हणून पासही होत नाही. मोजावं लागतं.

इथं मात्र माझी खुर्ची सुटली. कारण मोजायचं कुणी? नियम म्हणतो, या सगळ्या अटी नियम १२६ मध्ये दिलेल्या चाचणी संस्थेनं तपासून मान्य केलेल्या असल्या पाहिजेत, तरच सूट. मी नियम १२६ उघडला. त्या यादीत संरक्षण खात्याची अहिल्यानगरची व्हीआरडीई आहे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे, म्हणजे एआरएआय, १९६६ सालची, जिच्यामुळे पुणेकर वेताळ टेकडीच्या त्या भागाला सरळ एआरएआय टेकडी म्हणतात. पुण्याचीच सीआयआरटी आहे. हरियाणातल्या मानेसरची, मध्य प्रदेशातल्या बुदनीची, डेहराडूनची अशा इतर संस्थाही आहेत. पण माझा आनंद त्या पहिल्या तीन, महाराष्ट्रातल्या नावांचा! माझी मावशी कोथरूडला राहते. लहानपणी सुट्टीत आम्ही त्याच टेकडीवर फिरायला गेलो होतो. तिथल्या एका कागदावर भिलाईतल्या माझ्या बाबांचं घराबाहेर पडणं अवलंबून असेल, हे कुणाच्या स्वप्नात होतं?

सकाळी चहाबरोबर बाबांना सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ते वेगाचं विचारतील. त्यांनी विचारलं ते कागदाचं. "म्हणजे इन्स्पेक्शन पाहिजे," ते म्हणाले. आणि मग जे सांगितलं ते मी या सगळ्या शोधातलं सगळ्यात महत्त्वाचं मानते. "आमच्या मिलमध्ये रूळ निघायचा. डोळ्यांना पाहशील तर एकसारखा, चकचकीत. पण शिक्का पडल्याशिवाय तो वॅगनमध्ये चढत नसे. कारण त्याच्यावरून पुढे माणसं जाणार असत. चांगला दिसते आणि चांगला आहे, यात तपासणीचा फरक असते पोरी." ज्या माणसानं आयुष्यभर मिलिमीटरच्या हिशेबात रूळ पाहिले, त्याला पंचवीस म्हणजे पंचवीस हे समजावून सांगावं लागलंच नाही.

मग आम्ही दुसऱ्यांदा निघालो, या वेळी तयारीनं. दुसरं दुकान, मागणी एकच: या मॉडेलचं चाचणी संस्थेचं पत्र दाखवा. दुकानातल्या मुलानं आधी ब्रोशर दिलं. मग वॉरंटी कार्ड. बाबा शांतपणे म्हणाले, हे नाही. मुलानं कंपनीला फोन केला, आणि दहा मिनिटांत मोबाइलवर ते पत्र आलं. त्यानं प्रिंट काढून दिली. वर संस्थेचं नाव, खाली मॉडेलचं नाव, मोटरची शक्ती, कमाल वेग, आणि ही गाडी मोटार वाहन ठरत नाही असं सांगणारं ते वाक्य. बाबांनी चष्मा लावला आणि सायकलीच्या फ्रेमवरचं मॉडेलचं नाव कागदावरच्या नावाशी अक्षर अक्षर जुळवून पाहिलं. जुळलं. सायकल घेतली!

घरी आणल्यावर आम्हाला स्वस्थ कुठं बसवतंय. आधी ती ढकलत रद्दीवाल्याच्या काट्यावर नेली. त्याला वाटलं विकायला आणली. बॅटरी काढून २१ किलो भरली. साठाच्या कितीतरी आत. मागचं चाक उचलून मी पेडल फिरवलं. पेडलच्या दांड्याशी, आतल्या बाजूला, बांगडीएवढी एक काळी चकती आहे, तिच्यात छोटी छोटी लोहचुंबकं बसवलेली. समोर बोटाच्या पेराएवढा सेन्सर. पेडल फिरलं की चुंबकं समोरून सरकतात आणि सेन्सरला कळतं: पाय चालताहेत. मागच्या चाकाच्या मधोमध असलेली मोटर हलकेच गुणगुणायला लागली. मी हात थांबवला. एक क्षण, आणि गुणगुण बंद. कायद्यात लिहिलेलं वाक्य माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच ओसरीवर, लोखंडात आणि तांब्यात घडत होतं. मी ते पंधरा वेळा तरी करून पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला कोहक्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. मोबाइलवर जीपीएसचा वेग लावला. अठरा, वीस, बावीस, मागून कुणी पाठीला हात लावून नेतंय असं. तेवीस, चोवीस, आणि हात अलगद निघून गेला! झटका नाही, ब्रेक लागल्यासारखं नाही. पुढे जायचं तर जा, पण आता तुझ्या पायांनी. मी जोर लावून सव्वीस-सत्तावीसपर्यंत नेली, दम लागला, सोडून दिलं. मग बाबा बसले. त्यांनी पंचवीस गाठायचा प्रयत्नही केला नाही. पंधराच्या आसपास, पाठ ताठ, टाचा बाहेर, जसे मिलला जायचे तसेच, त्या रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन वळून आले. उतरल्यावर गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दुखत नाही."

एवढं झाल्यावर मी बाकीचं जग धुंडाळायला बसले, कारण एकदा गोडी लागली की सुटत नाही. युरोपातही हेच, २५० वॅट आणि २५ किलोमीटर. जपानमध्ये २४ किलोमीटर. पेडलला साथ देणारी मोटर लावलेली सायकल यामाहानं तिथंच १९९३ साली बाजारात आणली. अमेरिकेत संघराज्याची व्याख्या सैल आहे, ७५० वॅटपर्यंत आणि ताशी सुमारे ३२ किलोमीटर. आणि आपल्याकडेही लहान यंत्राला मोटार वाहन न मानण्याचा विचार आजचा नाही. १९८८ च्या कायद्यात चारपेक्षा कमी चाकांच्या, २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनाला वगळलेलं आहे. उलट १९७२ साली आलेल्या फिरोदियांच्या लूनाला पेडलं होती, पण इंजिन ५० सीसीचं, म्हणून तिला नंबरही लागायचा आणि लायसनही. तीच लूना २०२४ च्या फेब्रुवारीत बॅटरीवर परत आली, ताशी ५० किलोमीटर धावणारी. म्हणून तीही रीतसर मोटार वाहन. पेडल आहे की नाही यावरून काहीच ठरत नाही; वेग आणि शक्ती, बस.

रेषेच्या पलीकडची गाडी वाईट असते असं मुळीच नाही, हे जोर देऊन सांगते. माझी बहीण तशीच चालवते. तिच्या स्कूटरला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं आहेत, २०१८ पासून खाजगी विद्युत वाहनांना हीच पाटी, आणि आपल्या दुर्ग जिल्ह्याचा सीजी ०७. तिच्याजवळ लायसन आहे, विमा आहे, डोक्यावर हेल्मेट आहे. नोंदणी प्रमाणपत्राची फी केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये बॅटरीच्या वाहनांना माफ केली आहे. छत्तीसगडचं स्वतःचं विद्युत वाहन धोरणही २०२२ पासून आहे. तिचं सगळं सरळ आहे.

घोटाळा आहे तो तिसऱ्या प्रकारात. पंचवीसची म्हणून विकलेली आणि वायर काढून पंचेचाळीसला नेलेली. ज्या क्षणी ती वायर निघते, त्या क्षणी सूट संपते आणि ती गाडी विनानोंदणीचं, विनाविम्याचं मोटार वाहन होते. नोंदणीशिवाय चालवल्याबद्दल कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजार. लायसन नसेल तर कलम १८१ खाली पाच हजार. विमा नसेल तर कलम १९६ खाली दोन हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आकडे. पण मला दंडापेक्षा जास्त धडकी भरली ती दुसऱ्याच गोष्टीची. रस्त्यात कुणाला धक्का लागला, हात मोडला, त्याहून वाईट झालं, तर विमा नसलेल्या मोटार वाहनाची भरपाई मालकाच्या खिशातून जाते. निवृत्त माणसाच्या आयुष्यभराच्या पुंजीतून. आणि वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, दुकानदाराची वायर हे सांगत नाही. महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं २०२२ च्या मे महिन्यात अशाच फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध राज्यभर मोहीम काढली होती. मी ती बातमी तेव्हा वाचून पान उलटलं होतं. आता कळतं ती कशाबद्दल होती.

माझी भाची दहावीत आहे, पंधरा वर्षांची. तिच्या ट्यूशनच्या बाहेर प्लेट नसलेल्या स्कूटर ओळीनं उभ्या असतात. त्यातल्या कुठल्या खरोखर पंचवीसच्या आतल्या आणि कुठल्या नाहीत, ते त्या मुलांच्या आईवडिलांनाही माहीत नसेल. ज्या गाड्यांना मोटार वाहन कायदा लागूच नाही, त्यांना त्याची वयाची अटही नाही. भाची बाबांची सायकल चालवू शकते, आणि चालवतेही. पण वायर काढलेली गाडी अल्पवयीन मुलानं चालवली तर कलम १९९ अ: पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. प्रेमानं घेऊन दिलेली वस्तू मुलाच्या वाटेत असा धोंडा होऊन बसावी, याचं मला फार वाईट वाटतं. कुणी सांगितलेलंच नसतं हो!

एक गोष्ट आणखी, कारण बाबांनी ती विचारली. "मग आपल्याला कोणताच कायदा नाही का?" आहे. मोटार वाहन नसलं तरी सायकल हे वाहन आहेच. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे कुठलंही वाहन हाकण्याबद्दल आहे, त्यात सायकलही आली. सिग्नल सगळ्यांचा एकच. हेल्मेट सक्तीचं नाही, तरी बाबा घालतात. मी ते निमूटपणे आणून ठेवलं होतं, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, मिलमध्ये इतकी वर्षं घातलं, इथं काय जड आहे. आणि जी.ई. रोडवर ते चढत नाहीत. तिथं ट्रकांच्या बाजूनं पंचविसानं चालणं कायद्यात बसतं, शहाणपणात बसत नाही. आतल्या गल्ल्यांनी सुपेला, आणि रेल्वेलाइनीपलीकडे सेक्टरात जायचं तर सकाळी लवकर.

कागदाची ती प्रिंट आम्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून सीटखालच्या पिशवीत ठेवली आहे. मागच्या आठवड्यात चौकात एका हवालदारानं बाबांना थांबवलं, नंबर कुठंय म्हणून. बाबांनी पाकीट काढून दिलं. त्यानं सावकाश वाचलं, उलटून पाहिलं आणि विचारलं, ही सायकल केवढ्याची, माझ्याही वडिलांना घ्यायची आहे.

तुमच्या घरी, गल्लीत, सोसायटीत बिननंबरची बॅटरीची गाडी असेल, तर आज संध्याकाळी एवढं करा. दुकानदाराकडून चाचणी संस्थेचं पत्र मागवा, त्यावरचं मॉडेलचं नाव गाडीवरच्या नावाशी ताडून पाहा, आणि मोकळ्या रस्त्यावर मोबाइल लावून वेग मोजा. पत्र जुळलं आणि वेग पंचवीसच्या आत असेल तर बिनघोर चालवा. वेग जास्त निघाला, तर उद्या सकाळीच ती वायर परत जोडून घ्या.